डिंपलची आई आणि आम्ही

मागच्या शुक्रवारी आम्ही शेळ्यांच्या विम्याबद्दल बोललो. त्यावर केंद्रात इतके फोन आले की आजही शेळ्यांवरच बोला, असा आग्रह होता. पण आज आम्ही ठरवून दुसरा विषय घेतला आहे. एका प्रेमकथेबद्दल बोलायचं आहे. एक इंग्रजी कादंबरी आणि तिच्यावरून काढलेली हिंदी मालिका. हसू नका. बचत गटाच्या बायांनी प्रेमकथेवर बोलू नये, असा काही शासन निर्णय निघालेला नाही.

झालं असं. उन्हाळ्यात आमची एक बैठक संध्याकाळी समाजमंदिरात होती. आत हप्ते गोळा करणं चाललं होतं आणि बाहेर ओट्यावर गटातल्या बायांच्या चार-पाच मुली एका मोबाईलवर डोकी जुळवून बसल्या होत्या. मधूनच खिदळायच्या. शेवटी एका आईला राहवलं नाही. ती उठून गेली आणि मोबाईल हिसकावूनच घेतला. "काय बघताय गं एवढं?" मुलगी म्हणाली, "आई, बघ की तू पण. यातली आई पण पोरीचं लग्नच ठरवतीय." मग काय, मोबाईल आत आला. हप्ते राहिले बाजूला आणि आम्ही सगळ्यांनी ती मालिका बघायला सुरुवात केली. तिचं नाव 'मिसमॅच्ड'. नेटफ्लिक्सवर आहे. पुढचे भाग आमच्या अध्यक्ष ताईंच्या घरी टीव्हीला मोबाईल जोडून बघितले.

मालिकेच्या सुरुवातीला पाटी येते की ही एका पुस्तकावर आधारलेली आहे. आमच्यातल्या एकीची भाची पुण्याला शिकते. तिने ते पुस्तक आणून दिलं. संध्या मेनन या लेखिकेचं 'व्हेन डिंपल मेट रिशी', म्हणजे डिंपल रिशीला भेटली तेव्हा. २०१७ साली अमेरिकेत निघालेलं. लेखिका भारतात जन्मलेली, राहते अमेरिकेत. आम्ही बीए झालेलो असलो तरी इंग्रजी कादंबरी शेवटची वाचली ती कॉलेजात, परीक्षेपुरती. हे पुस्तक मोबाईलमधला शब्दकोश उघडून हळूहळू वाचलं आणि चार बैठकांत, हप्ते झाल्यावर, गटाला मराठीतून सांगितलं. ज्यांनी एरवी बैठकीला दांडी मारली असती त्याही त्या महिन्यात वेळेवर आल्या, एवढं मात्र नोंदवून ठेवतो.

गोष्ट अशी आहे. डिंपल शाह ही अठरा वर्षांची मुलगी. आईवडील भारतातून अमेरिकेत गेलेले, कॅलिफोर्नियात स्थायिक. डिंपल हुशार आहे, चष्मा लावते, केस वाढवत नाही, काजळ घालत नाही, आणि तिला कॉम्प्युटरचं वेड आहे. तिचे वडील मधुमेही. औषधाच्या वेळा पाळायला त्यांना मदत होईल असं एक ॲप तिला बनवायचं आहे. त्यासाठी तिला सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठातल्या सहा आठवड्यांच्या उन्हाळी शिबिराला जायचं आहे. शिबिर महाग आहे. आईला तर मुलीने जरा नटावं, चष्म्याऐवजी लेन्स लावाव्यात आणि चांगला नवरा बघावा, एवढंच हवंय. त्यामुळे डिंपल घाबरत घाबरत विचारते आणि आईवडील चक्क हो म्हणतात. लगेच. तिला आश्चर्य वाटतं, पण आनंदात ती फार विचार करत नाही.

खरं कारण पुढे कळतं. त्याच शिबिराला रिशी पटेल नावाचा मुलगा येणार असतो. त्याचे आईवडील डिंपलच्या आईवडिलांच्या ओळखीतले. दोन्ही घरांनी मिळून ठरवलेलं असतं की मुलं तिथे भेटतील, एकमेकांना पसंत करतील. रिशीला हे सगळं सांगितलेलं आहे आणि तोही खुशीने आला आहे. डिंपलला एक शब्द सांगितलेला नाही. तो पहिल्याच भेटीत हसत हसत तिला होणारी बायको म्हणून हाक मारतो. ती कोण कुठला हा वेडा म्हणून हातातली गार कॉफी त्याच्यावर फेकते आणि पळत सुटते.

हा कॉफीचा प्रसंग मालिकेतही आहे. फरक इतकाच की मालिकेत हे सॅन फ्रान्सिस्कोत घडत नाही, जयपूरला घडतं. डिंपल शाहची डिंपल आहुजा झाली, ती अंबाल्याची. रिशी पटेलचा रिशी सिंग शेखावत झाला. रिशीच्या आजीने लग्नासाठी आलेल्या मुलींमधून डिंपल त्याला दाखवलेली असते आणि तिला भेटायचं म्हणून तो त्या कोर्सला नाव घालतो. आजीचं काम सुहासिनी मुळे यांनी केलंय, 'लगान'मधली भुवनची आई, लगेच ओळखू येतात. डिंपलचं काम ठाण्याच्या प्राजक्ता कोळीने केलंय, तिच्या आईचं काम क्षिती जोगने, आणि दिग्दर्शन करणाऱ्या दोघांपैकी एक पुण्याच्या नाटकांतला निपुण धर्माधिकारी. हिंदी मालिकेत इतकी आपली माणसं बघून आमच्या बाया खूश झाल्या.

तर कॉफी. कॉफीवरून आमच्या गटात जे भांडण झालं ते मालिकेपेक्षा रंगलं. तरण्या सुना म्हणाल्या, बरं केलं, कुणी अनोळखी माणूस असं बोलला तर आम्ही चप्पल काढली असती. वयस्कर बाया म्हणाल्या, पोराचा काय दोष? त्याला सांगितलंय की मुलगी तयार आहे. तो बिचारा सरळ मनाने आला. बराच वेळ हे असंच चाललं. मग आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या आत्या, ज्या एरवी बैठकीत अंगठ्यापुरत्याच बोलतात, म्हणाल्या, "त्या पोरावर कशाला? कॉफी आईबापावर वतायची व्हती."

सगळ्या गप्प झाल्या. कारण तिथे बसलेल्या तीस जणींत वीस तरी आया होत्या.

इथे पुस्तक आणि मालिका यांच्यातला मोठा फरक सांगायला हवा. मालिकेत आई थोडाच वेळ दिसते आणि ती जास्त करून हसवते. मुलीच्या मागे लागलेली, लग्न लग्न करणारी आई. क्षिती जोगने काम छान केलंय, आम्ही पोट धरून हसलो. पण अशी आई आपण शंभर मालिकांत बघितली आहे आणि तिच्यावर हसलं की विषय संपतो. पुस्तकातल्या आईवर असं हसून मोकळं होता येत नाही. ती परक्या देशात राहते. जे काही गावाकडून मनात बांधून आणलं, हिंदी बोलणं, सलवार-कमीज, काजळ, ते पुढे न्यायला तिच्याकडे एकच माणूस आहे, ही मुलगी. आणि मुलगी तर कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून बसलेली. तिचा राग राग वाचताना आतली भीती दिसत राहते. म्हणून पुस्तकाच्या शेवटाकडे मुलगी मन मोडून घरी येते आणि आई तिला जवळ घेते, तिचा अभिमान वाटतो असं तिला कळू देते, तेव्हा वाचणारीचे डोळे भरतात. आम्ही हा भाग गटात सांगत होतो तेव्हा लाईट गेली होती. अंधारात कोण कोण नाक ओढत होतं ते आम्ही बघितलं नाही, ऐकलं.

मालिकेतल्या अंबाल्यात तसली भीती असायचं कारण नाही. तिथे भाषा हरवणार नाही, काजळ हरवणार नाही. मग आईचा हट्ट उरतो तो नुसता चारचौघांत मुलीचं लग्न झालं म्हणून सांगण्याचा. आमच्यातली एक म्हणाली, "आपल्याला काय अमेरिकेचं भ्या हाय का? आपुन पण नुसता चारचौघांसाठीच हट्ट करतो की." हे तिने मालिकेच्या बाजूने म्हटलं की पुस्तकाच्या, ते आम्हाला अजून कळलेलं नाही.

पण आम्हाला पुस्तकात सगळ्यात जास्त टोचलं ते वेगळंच, आणि ते सांगण्यासाठीच आज इथे बसलो आहोत. डिंपलच्या आईवडिलांनी तिला शिबिराला पाठवलं. पैसे भरले. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, काय पुढारलेले आईबाप. पण ते शिक्षणाला हो म्हणालेले नव्हते, स्थळाला हो म्हणाले होते. शिक्षण त्या स्थळाच्या पिशवीतून आलं.

आणि मैत्रिणींनो, ही पिशवी आम्ही स्वतः घरोघर वाटली आहे.

समन्वयक म्हणून आमचं निम्मं काम म्हणजे घरातल्या माणसांची समजूत घालणं. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका सदस्य ताईची मुलगी बारावी झाली. तालुक्याच्या गावी कॉम्प्युटरचा कोर्स करायचा म्हणत होती. फी साडेसहा हजार, शिवाय एसटीचा पास. आईची इच्छा होती. वडील नाही म्हणत होते. पोरीला रोज तालुक्याला कशाला पाठवायची, एवढं एकच उत्तर. आम्ही दोनदा त्यांच्या घरी गेलो. मुलीला नोकरी लागेल म्हटलं, स्वतःच्या पायावर उभी राहील म्हटलं, सगळं म्हटलं. ते बिडी विझवून उठून गेले. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा आम्ही दमलो होतो. आम्ही म्हणालो, "दादा, कोर्स केला तर शिकलेल्या घरातनं मागणी येईल. हुंड्याचं पण कमी होईल." ते लगेच हो म्हणाले. डिंपलच्या बापासारखेच, लगेच. पुढच्याच बैठकीत अंतर्गत कर्ज मंजूर झालं. आम्ही परत येताना रस्त्यात एकमेकींना टाळी दिली होती.

मुलीने कोर्स केला. चांगल्या मार्कांनी केला. तालुक्यात एका कर सल्लागाराकडे बिलं टाईप करायचं काम लागलं, महिना पाच हजार. पाचव्या महिन्यात स्थळ आलं. मुलगा चिंचवडला कारखान्यात. माणसं बरी. मुलगी म्हणाली, मला एक वर्ष द्या. वडील म्हणाले, "कोर्स कशासाठी केला मग?" त्यांच्या बाजूने ते बरोबरच बोलत होते. त्यांनी करार मोडला नव्हता. करार आम्ही केला होता, त्या मुलीला न विचारता.

तिने आम्हाला फोन केला होता. रडली नाही, भांडली नाही. एवढंच विचारलं, "ताई, तुम्ही बाबांना असं म्हणाला होता का?"

आम्ही हो म्हणालो. मग पलीकडे बराच वेळ नुसता एसटी स्टँडचा आवाज येत होता.

लग्न झालं. एकोणीस पूर्ण होती, त्यामुळे कायद्याने त्यात काही बोलायला जागा नव्हती. ती बरी आहे, तिला एक मुलगा आहे, नवरा वाईट नाही. नोकरी मात्र तिथल्या तिथे सुटली आणि कोर्सचं सर्टिफिकेट तिच्या आईच्या पेटीत आहे. आईने कर्ज वेळेवर फेडलं. वहीत कारणाच्या रकान्यात 'शिक्षण' लिहिलंय. वही तपासायला आलेल्या साहेबांनी त्यावर बरोबरची खूण केली आहे.

कुणी म्हणेल, मग काय करायचं? तसं बोललो नसतो तर कोर्सही झाला नसता. हे आम्हीही एकमेकींना म्हणतो. रात्री झोप यावी म्हणून म्हणतो. पण त्या मुलीने जे विचारलं त्याला हे उत्तर नाही. ती कोर्सबद्दल विचारत नव्हती. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट फक्त तिलाच का माहीत नव्हती, हे ती विचारत होती. डिंपलचा राग हाच आहे. मुलगा वाईट नाही, हे तिला दोन दिवसांत कळतं. खरं तर चूक कळल्यावर तो बिचारा परत जायला निघतो आणि तीच त्याला थांबवते. पुढे प्रेमातही पडते. तरी तो राग जात नाही, आणि जाऊ नये असंच वाचताना वाटतं.

लेखिका हुशार आहे. तिने डिंपललाही सोडलेलं नाही. रिशीला चित्रकथा काढायचं फार वेड असतं, हात चांगला असतो, पण आईवडिलांसाठी तो ते गुंडाळून ठेवून इंजिनिअरिंगला चाललेला असतो. डिंपलला हे पटत नाही. ती काय करते, तर त्याच्या नकळत त्याची चित्रं एका मोठ्या चित्रकारापर्यंत पोचवते. त्याच्या भल्यासाठीच. त्याला न विचारता. आईवडिलांनी तिच्याशी जे केलं, तेच ती त्याच्याशी करते. आम्ही हे सांगितल्यावर आमच्या सचिव ताई म्हणाल्या, "बघा, रक्तातच असतंय ते." आम्हाला मात्र वाटतं की ते रक्तात वगैरे काही नसतं. ज्याला दुसऱ्याचं भलं कशात आहे ते पक्कं कळलंय असं वाटतं, त्याचा हात असा पुढे जातोच. आम्हाला तर त्याचं मानधन मिळतं.

रिशीबद्दल फार बोलत नाही. मालिकेत रोहित सराफने तो केलाय आणि मुलींना तो फार आवडला, त्यावर आमचं काही म्हणणं नाही. पुस्तकात त्याच्या चित्रांना मोठी जागा आहे. मालिकेत त्याच्या आईवडिलांच्या फाटलेल्या संसारावर जास्त भर आहे. घर मोडलेलं बघितलंय म्हणून हा मुलगा जुन्या पद्धतीचं, कायमचं लग्न शोधतोय, हे मालिकेने चांगलं दाखवलंय. पुस्तकातले आईवडील बरे नांदणारे आहेत, त्यामुळे तिथला रिशी परंपरा मानतो ती भीतीने नाही, प्रेमाने.

एक गोष्ट आयांसाठी आधीच सांगून ठेवतो, नंतर आमच्या नावाने बोंब नको. पुस्तकात ती दोघं जवळ येतात आणि लेखिका ते झाकत नाही. मालिकेतही चुंबनं आहेत, दारू आहे, मुलींवर प्रेम करणारी मुलगी आहे. आमच्या अध्यक्ष ताईंनी एकदा रिमोट शोधण्याचं नाटक केलं, सापडला नाही, मग तसंच बघितलं. मुलींना पाठवून द्यावं का, यावर चर्चा झाली. मुली म्हणाल्या, "आम्ही आधीच बघितलंय." चर्चा संपली.

लांबीचं म्हणाल तर पुस्तक एका उन्हाळ्यात संपतं. डिंपल आणि रिशी स्पर्धा जिंकत नाहीत. वशिल्याच्या, पैसेवाल्या घरची पोरं जिंकतात, हे अमेरिकेतही असंच असतं बघून आम्हाला बरंच वाटलं. डिंपलला भीती वाटते की इतक्या लवकर प्रेमात अडकलो तर आपलंही आयुष्य आईसारखंच होईल, म्हणून ती त्याला तोडते. मग दोघं परत भेटतात, रिशी चित्रकलेचा रस्ता धरतो, आणि पुस्तक मिटतं. मालिकेचा पहिला भाग २०२० च्या नोव्हेंबरात आला, सहा तुकड्यांचा. दुसरा २०२२ मध्ये, तिसरा २०२४ च्या डिसेंबरात, तोवर सगळे हैदराबादला पोचलेले. मालिका चालवायची तर भांडणं हवीत, आणि भांडणं हवीत म्हणून गैरसमज हवेत. तिसऱ्या वेळेला ती दोघं रुसली तेव्हा आमच्या बायांनी भाकरीच्या पिठाची आठवण काढली आणि उठून गेल्या.

एवढं सगळं पुस्तकाच्या बाजूने बोलून झालं. पण मालिकेने एक गोष्ट अशी केली आहे की तिच्यासाठी आम्ही तिला शंभर रुसवे माफ करू. पुस्तकात जी बाई नाहीच, ती मालिकेत आणली. तिचं नाव झीनत करीम. काम विद्या माळवदेने केलंय. ही बाई चाळिशीची आहे, विधवा आहे, आणि अठरा-वीस वर्षांच्या पोरापोरींच्या त्या वर्गात ती कॉम्प्युटर शिकायला येऊन बसते.

पहिल्यांदा ती वर्गात येते तेव्हा बघणाऱ्याला वाटतं, कुणाची तरी आई आली असेल सोडायला. आमच्यातल्या अर्ध्या जणी तसंच म्हणाल्या. ती बाकावर बसली तेव्हा टीव्हीसमोर एकदम शांतता झाली. गटात विधवा बाया सहा आहेत. त्यातल्या एक वहिनी, पंचेचाळीस-सेहेचाळीसच्या, त्यांचं गावात किराणा दुकान आहे. त्या एरवी मालिका बघताना हातात तांदूळ निवडायला घेतात. त्या दिवशी सूप मांडीवर तसंच राहिलं.

आता बघा. झीनतला कुणी म्हणू शकत नाही की शिक, म्हणजे स्थळ चांगलं येईल. तिच्या शिकण्याला कसलीच पिशवी नाही. डिंपल शिकते तेव्हा सगळ्यांना प्रश्न पडतो, पुढे हिच्या लग्नाचं काय. झीनत शिकते तेव्हा सगळ्यांना पडतो तो प्रश्न याहून अवघड आहे. आता कशाला? मालिकेत पुढे तिथल्या सरांशी तिची जवळीक होताना दाखवली आहे. काही बायांना ते आवडलं, काहींना नाही. आम्हाला वाटलं, तिला जरा नुसतीच शिकू द्यायला हवी होती अजून. पण ती प्रेमकथाच आहे, त्यात एवढी जागा मिळाली हेही कमी नाही. मूळ पुस्तकात तर तिच्या वयाच्या बाईला आई होण्यापलीकडे काम नाही. लेखिकेने आईला मन दिलं, मालिकेने त्या वयाच्या बाईला बाक दिला. दोन्ही एकत्र कुठे मिळालं असतं तर आम्ही पुस्तक विकत घेतलं असतं, भाचीकडून मागून आणलं नसतं.

पुढच्या आठवड्यात त्या दुकानवाल्या वहिनी बैठकीच्या आधी आमच्याजवळ आल्या. म्हणाल्या, "त्या तालुक्याच्या क्लासला वयाची अट असती का?" आम्हाला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मुलींसाठी त्या क्लासला फोन करतोय, हा प्रश्न कधी विचारलाच नव्हता. तिथेच फोन लावला. क्लासवाला मुलगा म्हणाला, अट नाही, कोण येणार आहे? वहिनींनी फोन हातातून घेतला आणि म्हणाल्या, "मी."

कर्जाची मागणी बैठकीत आली. साडेसहा हजार. नियमाप्रमाणे कर्ज कशासाठी हे सगळ्यांसमोर विचारावं लागतं. एकजण म्हणाली, दुकान ऑनलाईन करणार का? वहिनी म्हणाल्या, नाही. दुसरी म्हणाली, मुलाला मदत व्हावी म्हणून असेल. वहिनी म्हणाल्या, त्याचं त्याला येतंय. आम्ही तोंड उघडलं होतं. आमच्याकडे पाच-सहा कारणं तयार होती, चांगली, पटणारी, दीराच्या गळी उतरतील अशी. आम्ही तोंड मिटलं. सवयीने फार जोर लागला मिटायला.

सचिव ताईंनी पेन धरून विचारलं, "मग रकान्यात काय लिहू?"

"शिकायचंय म्हणून लिही."

सध्या त्या सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळच्या साडेसातच्या एसटीने जातात. दुकानात तेवढा वेळ दीर बसतो, कुरकुर करतो, पण बसतो. वर्गातली मुलं त्यांना काकू म्हणतात आणि त्यांच्याकडून शेंगदाण्याचे लाडू खातात. मराठी टायपिंगमध्ये जोडाक्षरं अजून अडतात. चिंचवडच्या त्या मुलीला आम्ही मालिकेचं नाव कळवलं होतं. तिचा निरोप आला, दोन भाग बघितले, बाळ रांगायला लागलंय, वेळ मिळत नाही. खाली लिहिलं होतं, "वहिनींचा क्लास तोच का, माझा होता तो?" आम्ही लिहिलं, तोच. तिने विचारलं, खिडकीजवळचा कॉम्प्युटर अजून बंदच पडतो का. ते आम्ही वहिनींना विचारून सांगणार आहोत.

पुस्तक आमच्या कार्यालयात ठेवलं आहे, ज्यांना इंग्रजी जमतं त्यांनी न्यावं, वहीत नाव लिहून. आणि ज्यांचे फोन आले त्यांच्यासाठी, पुढच्या शुक्रवारी याच वेळी शेळ्यांच्या विम्याचा उरलेला भाग, बिल्ला हरवला तर काय करायचं त्यासकट. नमस्कार.